हेडफोन नंबर एक

सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर तीन खोकी दिसली आणि मला वाटलं, झालं, भरली आपली वेळ.

खोक्यांत हेडफोन होते. चांगले महागातले, हाताला जड आणि गुळगुळीत. प्रत्येकावरचं कंपनीचं नाव काळ्या चिकटपट्टीने झाकलं होतं आणि पट्टीवर पांढऱ्या शाईने एक, दोन, तीन असे आकडे घातले होते. सोबत एक छापील तक्ता होता. वजन, दाब, ऊब, आवाजाचा स्पष्टपणा, बारीक आवाज कितपत ऐकू येतात, डाव्या-उजव्या बाजूचा तोल, शेरा. 'बारीक आवाज कितपत ऐकू येतात' या रकान्यावर माझी नजर अडकली ती अडकलीच.

त्याचं कारण सांगायला हवं. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाल्यावर, सहा वर्षांपूर्वी, या स्टुडिओत आलो. इथे पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतात. काचेपलीकडच्या खोलीत वाचिका वाचते. मग मी ते मुद्रण कानाला लावतो, पुस्तक समोर ठेवतो आणि ओळींवरून पेन्सिल फिरवत जातो. वाचताना शब्द गळला, बदलला, दोनदा आला, की समासात खूण करायची. दिवसाचे सहा तास कुणाशी बोलावं लागत नाही. मला माणसांशी बोलायचं म्हणजे आधी तीन वेळा मनात वाक्य लिहून पाहावं लागतं, त्यामुळे हे काम सुटलं तर दुसरं कुठलं जमेल असं वाटत नाही.

आणि दोन महिन्यांपूर्वी घोटाळा झाला. एका पुस्तकाच्या सातव्या प्रकरणभर बारीक शिट्टी वाजत असल्याची तक्रार श्रोत्यांकडून आली. ते प्रकरण मी तपासून 'ठीक' असा शेरा दिला होता. बाई, म्हणजे स्टुडिओच्या मालकीणबाई, मला एक शब्द बोलल्या नाहीत. तेच मला खुपत होतं. रागावल्या असत्या तर कळलं असतं, कुठे उभे आहोत ते.

आता ही खोकी. बाई माझ्या टेबलाशी आल्या.

"काका, दुकानदाराने आठवडाभरासाठी दिलेत. तिन्ही वापरून बघा, तक्ता भरा. बरा वाटेल तो घेऊन टाकू."

"मी? मला आवाजातलं काय कळतं! बोक्याला द्या."

"बोक्याचे कान म्हणजे यंत्र झालंय. मला माणसाचे कान हवेत. दिवसभर हेडफोन घालून कोण बसतं इथे?"

"आणि ह्या पट्ट्या?"

"नाव दिसलं की माणूस किंमत ऐकतो, आवाज नाही. काढायच्या नाहीत हं."

हसून गेल्या. पण मी मनात म्हटलं, पट्टी कसली, हा सापळा आहे. कानाची तपासणी करा असं मला तोंडावर म्हणता येत नाही, म्हणून तक्ता. आणि सापळा रचणारा कोण, हेही मला ठाऊक होतं.

बोका म्हणजे आमचा ध्वनितंत्रज्ञ. चाळिशीचा, गुबगुबीत, रबरी तळव्यांचे बूट घालून चालतो, आला कधी आणि गेला कधी कळत नाही. सगळे त्याला तोंडावर बोकाच म्हणतात आणि तोही ओ देतो. वर्षभर माझ्या लक्षात येत होतं, हा माणूस नेहमी माझ्या उजव्या हाताला येऊन उभा राहतो. उजवीकडे माझे खुणांचे कागद असतात. दुसरं काय बघत असणार?

मी तिन्ही हेडफोन घालायला लागलो. एका गोष्टीत मला अजिबात शंका नव्हती, ती म्हणजे त्रास कशाचा होतो. एक नंबर वजनाला भारी, पण गाद्या मखमली. तासाभराने मान मात्र बोलायला लागायची. दोन नंबरच्या गाद्या चामड्यासारख्या, कान घामाने भिजायचे आणि चष्म्याच्या काड्या कानामागे रुतून बसायच्या. हेडफोन काढला की तिथे वळ. तीन नंबर हलका, कापडी गाद्यांचा. घातलाय हेच मी विसरलो आणि एकदा तसाच पाणी प्यायला उठलो. वायरीने मागे खेचला गेलो तेव्हा वाचिका काचेपलीकडून खो खो हसली.

आवाजाचं मात्र कोडं झालं. तिन्हींमधून वाचिका सारखीच वाचत होती. तोच परिच्छेद मी एकेकातून पाच-पाच वेळा ऐकला. फरक शून्य. एवढ्या महागाच्या तीन वस्तू आणि फरक शून्य? मग मनात आलं, आत तिन्ही एकच असतील. वरची कवचं तेवढी वेगळी. म्हातारा काय काय फरक सांगतो ते बघायचं आणि मग हसायचं.

घरी गेलो ते हेच डोक्यात घेऊन. जेवताना बायकोकडे बघितलं. पस्तीस वर्षं ती माझ्या डावीकडे बसायची. हल्ली उजवीकडे बसते. का, म्हणून विचारलं होतं तर म्हणाली, इकडे वारा येतो.

"आज स्टुडिओतून कुणाचा फोन आला होता का?" मी विचारलं.

"कुणाचा येणार?"

"बाईंचा वगैरे."

"अहो, तुमच्यावर पाळत ठेवायचा मला पगार मिळतो का? भाजी वाढू का म्हणून तीनदा विचारलं. आता चौथ्यांदा विचारणार नाही."

"तीनदा? मी एकदाच ऐकलं."

"तेच म्हणते मी."

"काय म्हणतेस?"

"भाजी."

तिने भाजी वाढली. मला ते उत्तर सरळ वाटलं नाही.

बुधवारी मी जे केलं ते लिहिताना अजून लाज वाटते. दुपारी सगळे चहाला गेले असताना एक नंबरच्या पट्टीचं टोक नखाने उचललं. खाली लांबलचक नाव आणि पुढे आकडा होता. तो पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने उतरवला. मग दोन नंबर, मग तीन. संध्याकाळी वाचनालयात गेलो. ध्वनियंत्रांविषयीचं एक मासिक तिथे येतं. त्याचे दीड वर्षाचे अंक काढून बसलो आणि तिन्हींची परीक्षणं शोधून काढली. जन्मभर अडचण आली की मी हेच केलंय. आपल्याला कळत नसेल तर कुठेतरी छापलेलं असतंच.

एक नंबरविषयी परीक्षकाने भरभरून लिहिलं होतं. मी त्यातली वाक्यं थोडी इकडची तिकडे करून, चोर जसा सायकलचा रंग बदलतो तशी, तक्त्यात भरली. 'आवाज दोन्ही बाजूंनी खिडक्या उघडल्यासारखा पसरतो. डाव्या-उजव्याचा तोल निर्दोष. बारीकसारीक आवाजही सुटत नाहीत.' पुन्हा वाचलं. माझ्या हातून इतकं सुबक वाक्य कधी उतरलं नव्हतं. शुक्रवारी सकाळी, बाई यायच्या आधी, तक्ता त्यांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवला आणि जागेवर येऊन बसलो. आता शोधा म्हणावं माझे कान.

साडेदहाच्या सुमाराला वाचिका तिच्या खोलीतून बाहेर आली. "काका, तुमचं झालं ना? मलाही जरा घालून बघू द्या," म्हणत तिने एक नंबर उचलला, डोक्यावर चढवला आणि लगेच काढला.

"अगं बाई! हा डावीकडून मुका आहे. बोक्या, वायर नीट लावलीस का?"

बोका आला. वायर काढली, दुसरी लावली, हेडफोन उलटा करून एक बाजू कानाला धरली, मग दुसरी.

"वायर ठीक आहे. डावा कप मेलाय. दुकानातूनच असा आलेला दिसतो."

"मग आठवडाभर कुणाला कळलं नाही?"

"मी हात लावला नाही. काकांचा तक्ता येईपर्यंत कुणी लावायचा नाही, असं बाई म्हणाल्या होत्या."

दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही. मी पुस्तकात मान घालून बसलो होतो. पेन्सिल एकाच ओळीवर होती. हळूच डाव्या कानापाशी बोटं चोळली. मग उजव्या कानापाशी. उजवीकडे चुरचुर झाली. डावीकडे, कुणीतरी लांब दुसऱ्या खोलीत कागद हलवावा, तेवढंच.

तिन्हींतून सारखंच ऐकू येत होतं, कारण तिन्ही मी एकाच कानाने ऐकले होते.

वाचिका आत गेली तसा मी उठलो. बाई बारापर्यंत येणार नव्हत्या. त्यांच्या खोलीत शिरलो, ट्रे उपसला. बिलं होती, पत्रं होती, माझा तक्ता नव्हता. दुसऱ्यांदा उपसला.

"हे शोधताय का, काका?"

बोका माझ्या उजव्या हाताला उभा होता. तक्ता त्याच्या हातात होता. वाचला होता हे उघडच होतं.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मी विचारलं. या वेळी मनात लिहून पाहायला सवड झाली नाही.

"वर्ष होत आलं. एकदा डावीकडून हाक मारली. परत मारली. मग उजवीकडे आलो तर तुम्ही दचकून वळलात. तेव्हापासून इकडूनच येतो."

"आणि ती शिट्टी?"

"ती फक्त डाव्या बाजूला होती. केबल माझी, चूक माझी. बाईंना मी तेव्हाच सांगितलं."

"माझ्या कानाचंही सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? वाचन तर दोन्ही कानांत सारखंच जातं. शब्द तुमच्या हातून कधी सुटला नाही." त्याने तक्त्याची घडी घातली. "फाडू का? कोरा देतो. बाई यायला तासभर आहे."

फाडेल आणि पुढे कधीतरी ऐकवेल, असा विचार मनात आलाच. खोटं कशाला बोलू? पण माझा हात अडला तो दुसऱ्याच गोष्टीने. तक्ता फाडला तर उद्यापासून मी 'ठीक' लिहीन आणि ते ठीक आहे की नाही, हे मला स्वतःलाच कळणार नाही. प्रत्येक प्रकरणाखाली एखादी शिट्टी वाजत असेल आणि मी पान उलटत असेन.

"फाडू नकोस. पण कोरा दे."

कोऱ्या तक्त्यावर वजन, दाब आणि ऊब यांच्यापुढे जे खरं होतं ते लिहिलं. तोलाच्या रकान्यात तिन्हींपुढे लिहिलं, 'डावा कान काम करत नाही. सांगता येत नाही.' शेऱ्यात लिहिलं, 'पट्ट्या काढल्या. आधीचा मजकूर मासिकातून घेतला आहे.' दोन्ही तक्ते टाचले आणि बाई आल्यावर त्यांच्या हातात दिले.

बाईंनी आधी नवा वाचला, मग जुना, मग परत नवा.

"काका, तुम्ही पट्ट्या काढल्यात? तुम्ही?"

"हो. परत चिकटवल्या."

"ते दिसतंय. तीन नंबरची उलटी चिकटवलीत."

मी उभाच होतो. "मला वाटलं, माझे कान तपासायला हे सगळं..."

"कान तपासायला? अहो, जुना हेडफोन कान दाबतो म्हणून वर्षभर तुम्हीच कुरकुरत होतात ना बोक्याजवळ! त्याने माझ्यामागे टुमणं लावलं, काकांना नवा घ्या, काकांना नवा घ्या." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चेहऱ्यावरचं हसू आता गेलं होतं. "कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आधी ते. तोवर शब्द तुम्ही तपासा, शिट्ट्या-बिट्ट्या बोका बघेल. डॉक्टर काय म्हणतात त्यावर पुढचं बघू."

'पुढचं बघू' हे शब्द मी आयुष्यात अनेकांच्या तोंडून ऐकले आहेत आणि त्यातून चांगलं निघाल्याचं क्वचितच आठवतं. पण विचारायचा धीर झाला नाही.

"आणि घेऊ कुठला?" बाईंनी विचारलं.

"तीन नंबर."

"नक्की?"

"नक्की. चष्म्याची काडी रुतत नाही."

घरी आलो. जेवायला बसलो. बायको उजवीकडे बसली. वारा कुठूनच येत नव्हता. मी दोन घास खाल्ले आणि म्हटलं, "मला कानाच्या डॉक्टरांकडे जायला हवं."

"उद्या अकराची वेळ आहे," ती म्हणाली.

"वेळ? कुणी घेतली?"

"मी. मागच्या आठवड्यात. कसं सांगावं याचाच विचार करत होते."

मागच्या आठवड्यात! तेव्हा तर खोकी आलीही नव्हती. मी घास खाली ठेवला.

"म्हणजे बाईंचा फोन आला होता तर."

"अहो, जेवा."