वायोमिंग वेंडेलचा घसा

आईचा माझ्या कानात राहिलेला सगळ्यात जुना आवाज गायींसाठीचा आहे. मला ती नुसतं "मार्लिस, हात धू" म्हणायची, सरळ, सपाट, टेबलावर सुरी ठेवल्यासारखं. गायींसाठी मात्र ती घरामागच्या वाळूच्या टेकडीवर चढायची, डोकं किंचित मागं टाकायची, आणि छातीतून एक जाड सूर निघायचा. तो वर वर चढायचा, घशातल्या कुठल्याशा उंबरठ्याला त्याची ठेच लागायची, आणि एकदम पातळ होऊन, तारेसारखा लखलखत तो पलीकडच्या खोलीत जायचा. पुन्हा खाली. पुन्हा वर. गवत बर्फाखाली गेलेलं असायचं, ट्रकमध्ये पेंडीच्या गोण्या असायच्या, आणि त्या उजाड पांढऱ्या टेकड्यांमागून पांढऱ्या तोंडाच्या तांबड्या गायी एकेक करून उगवायच्या. जशा काही त्या सुरानंच जमिनीतून ओढून काढल्या आहेत.

आमच्या नेब्रास्कातल्या वाळूटेकड्यांमध्ये प्रत्येक घराची आपली हाक असते. शेजारचे टॅम लोक शिट्टी मारायचे, पलीकडचे डॅनिश बादली बडवायचे. आमची हाक आजोबांच्या आईची, तिनं डोंगराळ मुलखातून जहाजात बसताना सोबत आणलेली. पण हाक घरची असली तरी गाय घराला येत नाही. ती एका घशाला येते. माझ्या बाबांनी, एमेटनी, आईची हाक सुरासुरानिशी उचलली होती. ते टेकडीवर उभे राहून ओरडायचे, गायी माना वर करायच्या, एमेट आहे एवढं बघून घ्यायच्या, आणि माना परत गवतात घालायच्या. बाबा मरेपर्यंत हे असंच चाललं. आमच्याकडे हे कुणी कुणाला शिकवत नाही. ज्याच्या दारात गाय आहे त्याला ते ठाऊक असतं.

तर वेंडेल क्रेब्स. रेकॉर्डीवरचं नाव वायोमिंग वेंडेल, घोड्यावरचा गाता गुराखी. वायोमिंगमधून तो एकदा आगगाडीनं गेला होता, तेही झोपेत, असं ऑर्व्हिल टॅम काका सांगायचे. बाप ओहायोत टोप्यांचं दुकान चालवायचा. त्यामुळे सगळ्या सोंगात टोपी तेवढी खरी होती. माझी आई अठरा-एकोणीस वर्षांची असताना हा एका उन्हाळ्यात आजोबांकडे गवताच्या गंजी रचायला आला. घोडा त्याला वर बसू द्यायचा, जरा विचार करायचा, आणि सावकाश खाली ठेवायचा. त्यात राग असा नसायचा. गंजी अर्ध्या असतानाच हाताला फोड आले म्हणून गडी निघून गेला. आणि पुढच्या वर्षी बघतो तर रेकॉर्डीवर छापलेला, दोरी फिरवताना!

त्या पहिल्या रेकॉर्डी मोजक्याच. एकात आई मेलेली, एकात घोडा मेलेला, एकात दोघंही. वेंडेल गायचा कसा, तर थंड झालेली लापशी चमच्यावरून खाली पडते तसा. पण प्रत्येक कडवं संपलं की त्या लापशीतून एकदम योडल उसळायचं, तो चढता, ठेचकाळता, लखलखता सूर, आणि दुकानात उभे असलेले लोक त्या एवढ्याशासाठी अख्खी रेकॉर्ड घेऊन जायचे. त्यानंतर वेंडेल रेडिओवर गेला, दोन-चार सिनेमांत घोड्याशेजारी उभा राहिला, आणि त्याचं योडल अंगावर पाय पडलेल्या कोंबडीसारखं झालं. जाणकार म्हणायचे, मायक्रोफोन बदलले. कुणी म्हणायचं, वयानं होतं असं. एका वर्षात!

आमच्या घरात त्यातली एकही रेकॉर्ड आली नाही. गावातल्या कॅफेत कुणी पेटीत नाणं टाकून एखादी लावली, की आई कप तसाच सोडून बाहेर जायची. आमच्याकडे कॉफी कुणी अशी टाकत नाही.

"चोरली त्यानं आपली हाक," गाडीत बसल्यावर ती म्हणायची. "असल्या माणसाकडे स्वतःचं काय असणार?"

मी ते ऐकत मोठी झाले. इतर मुलींना आईच्या कानातल्या रिंगा मिळतात, मला वेंडेलचा तिरस्कार मिळाला, आणि मी तो घासून पुसून नीट ठेवला. कॅफेतल्या गोंगाटात, सुईच्या खरखरीत ते योडल कानावर पडलं की मनात यायचं, नक्कल तरी बरी केली आहे मेल्यानं.

मी तिशीला आले त्या उन्हाळ्यात शिकागोच्या एका कंपनीनं त्या जुन्या रेकॉर्डी एकत्र करून एक मोठी नवी रेकॉर्ड काढायचं ठरवलं. आता शहरातल्या कॉलेजच्या मुलांना असली गाणी आवडायला लागली होती. फाटक्या विजारी घालून ती मुलं खरं काय आणि खोटं काय याच्यावर वाद घालायची. कुणीतरी छापलं की वायोमिंग वेंडेल गुराखी नव्हताच. कंपनी घाबरली. म्हणून एक दिवस आमच्या स्वयंपाकघरात वेंडेल येऊन बसला, झालरीचा शर्ट, पोटावर कपबशीएवढं बक्कल, आणि सोबत कंपनीचा फिस्क नावाचा घामेजलेला माणूस.

"विनी," वेंडेल म्हणाला. माझ्या आईला, अल्वीनाला, विनी म्हणणारं जिवंत माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. "तू अजून तशीच दिसतेस."

"तू नाही," आई म्हणाली आणि त्याच्यासमोर कॉफी ठेवली. सोबत केक ठेवला नाही. आमच्याकडे वीज मीटर वाचायला येणाऱ्यालासुद्धा केक मिळतो.

फिस्कनं काम सांगितलं. जिल्ह्याच्या जत्रेत, शनिवारी दुपारी, वेंडेल गाणार. पेपरवाले येणार. तिथं आईनं उभं राहून चार शब्द बोलायचे, की हा आमच्याकडे गुरं राखायला होता आणि ही हाक तो आमच्या टेकडीवर शिकला.

"चारच शब्द, मॅडम. तुमच्यासारख्या घरंदाज बाईनं सांगितलं की तोंडं बंद होतील."

"गुरं राखायला?" मी म्हटलं. "गुरांनी याला राखला असता तर एखादे वेळी टिकला असता."

वेंडेल हसला. त्याचे दात नवे होते. "मुलगी तुझ्या बापावर गेली आहे, विनी."

आईनं सिंकमधलं पाणी सोडून दिलं. मग म्हणाली, "येईन."

ते गेल्यावर मी भांडले. म्हटलं, जन्मभर ज्याला चोर म्हणालीस त्याला आता जत्रेत उभी राहून चांगला म्हणणार? सगळा जिल्हा तुझ्या शब्दावर गाय विकत घेतो, न बघता. तो शब्द तू या झालरवाल्यासाठी खर्च करणार?

"एकदाचं मिटू दे, मार्लिस."

"काय मिटू दे?"

"भांडी पूस," आई म्हणाली.

त्या आठवड्यात आमच्यात तेवढंच बोलणं झालं. मला चीड वेंडेलची होतीच, पण आता तिच्याबद्दलही मनात काहीतरी आंबायला लागलं होतं. शनिवारी ती खोटं बोलली तर तिच्याकडे परत तसं बघता येणार नाही, एवढं मला कळत होतं. तिलाही कळत असावं. ती माझी नजर चुकवत होती.

जत्रेचं मैदान गावाच्या टोकाला. पलीकडे तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे आईनं त्या वर्षी खंडानं घेतलेलं कुरण. आमच्या गायी लांब, पाणवठ्याच्या अंगाला चरत होत्या. लाकडी बाकांवर सगळा जिल्हा बसला होता. लोणच्यांच्या बरण्यांना बक्षिसं देऊन झाली होती, बैलांनाही झाली होती, आता वेंडेलच काय तो उरला होता.

तो पांढऱ्या घोड्यावरून आला. म्हणजे घोड्याला दोघांनी धरलं होतं आणि वेंडेलनं घोड्याला.

"कुणाला बक्षीस द्यायचं गं?" ऑर्व्हिलकाका माझ्या कानाशी म्हणाले. "मी तर घोड्याला देईन. सोसतोय बिचारा."

मग तो गायला. आई मेलेलं गाणं. कडवं संपलं आणि त्यानं डोकं मागं टाकून योडल केलं. सूर निघाला, उंबरठ्यापर्यंत गेला आणि तिथंच बसला, दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा. पेपरवाले लिहीत होते. बाकांवरचे लोक सवयीनं कुंपणाकडे बघत होते. लांब पाणवठ्यावर एक गाय शेपटीनं माश्या हाकलत होती.

"ऐकलं तिनं," काका म्हणाले. "उत्तर बघ दिलं."

मागच्या बाकांवर खिदळणं सुरू झालं. वेंडेल खोकला, पाणी प्याला, पुन्हा खोकला. फिस्क धावत मंचावर चढला आणि कर्ण्यातून म्हणाला की हवेत धूळ फार आहे, तर आता आपण तीच गाणी ऐकू या, वेंडेलच्या ऐन उमेदीतली, अगदी पहिली, मेणाच्या तबकडीवर कोरलेली. कंपनीनं खरखर काढून टाकली आहे, असंही तो अभिमानानं म्हणाला.

मैदानाच्या चारी कोपऱ्यांना खांबांवर कर्णे होते. आधी लापशी आली. तरुण लापशी, पण लापशीच. आणि मग ते उसळलं.

खरखर खरंच काढली होती. जाड सूर छातीतून निघाला, चढला, ठेचकाळला आणि लखलखत कुंपणापलीकडे गेला. मी आईकडे बघितलं. ती मांडीवरच्या पर्सचं बक्कल दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"अरे देवा," काका म्हणाले.

पाणवठ्यावरच्या गायींनी माना वर केल्या. मी वाट बघितली की आता खाली घालतील. त्यांनी घातल्या नाहीत. एक म्हातारी गाय निघाली, आधी चालत, मग दुडकत, आणि तिच्यामागं सगळा कळप, वासरं शेपट्या उभ्या करून, सरळ आमच्या दिशेनं. दुसरं कडवं आलं, त्या घुटमळल्या. दुसरं योडल आलं आणि त्या धूळ उडवत कुंपणाला येऊन भिडल्या, तारेवरून माना काढून, हंबरत, पेंडीच्या ट्रकसाठी इकडंतिकडं बघत.

बाकांवर कुणी हसलं नाही. पुरुषांनी टोप्या मागं सरकवल्या. बायकांनी हळूहळू वळून माझ्या आईकडे बघितलं. त्या सगळ्या मैदानात ज्यांना काय झालं ते कळलं नव्हतं असे पेपरवाले होते, फिस्क होता, आणि वायोमिंग वेंडेल.

"पाहिलंत?" तो कर्ण्यातून ओरडला. चेहरा आनंदानं फुलला होता. "पाहिलंत का? इतकी वर्षं झाली, अजून ओळखतात मला!"

इतका मूर्ख माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही पाहिला नाही. पेपरवाल्यांनी त्याचा गायींसोबत फोटो घेतला. फिस्क टाळ्या वाजवत होता, एकटाच. मग त्यानं आईचं नाव पुकारलं, जुन्या ओळखीच्या, घरंदाज वगैरे.

आई उठली. मला वाटलं माझ्याकडे बघेल. तिनं बघितलं नाही. मंचावर गेली, मायक्रोफोन तोंडापासून जरा लांब केला, कारण तिला तो फारसा लागणार नव्हता.

"त्या पुढच्या म्हातारीला अकरावं लागलंय," ती म्हणाली. "बाकीच्या तिच्या पोरीबाळी. वेंडेलला त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं. आणि बघितल्यावर काय केलं ते तुम्ही बघितलंत."

आता मैदान हसलं. वेंडेलही थोडा हसला, लोक हसतात म्हणून.

"तो आवाज माझा आहे," आई म्हणाली.

"विनी," वेंडेल हळूच म्हणाला, पण मायक्रोफोननं ते सगळ्यांना ऐकवलं, "आपलं ठरलं होतं ना, विनी."

"गप्प राहायचं ठरलं होतं ते माझ्या वडिलांच्या भीतीनं. ते गेले." ती थांबली. मला वाटलं झालं, आता ती खाली येईल आणि आम्ही घरी जाऊ, आणि मी जन्मभर त्या चोराबद्दल बोलत राहीन. पण ती मला शोधत होती. सापडल्यावर माझ्याकडेच बघून बोलली.

"यानं चोरलं असं मी घरी सांगत आले. चोरण्याइतकी अक्कल याला कुठली? मीच मागं लागले होते. वडील ओमाहाला गुरं विकायला गेले, मी सोबत होते, आणि हा तिथं रस्त्यात भेटला, म्हणाला रेकॉर्ड करायची आहे आणि कडव्याच्या शेवटचं ते काही जमत नाही. मी म्हटलं, मला ने. हॉटेलच्या खोलीत बाहेरचा आवाज अडवायला खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या. आत मरणाचं उकडत होतं. मी टोपी काढून ठेवली, चपला काढून ठेवल्या. रेकॉर्डिंगचा दिवा लागला की हा पुढं उभा राहून गायचा, आई मेली, घोडा मेला, काय काय. आणि मी याच्या पाठीमागं भिंतीला टेकून उभी असायचे."

तिचा आवाज सरळच होता, मला हात धुवायला सांगणारा.

"हा कधी एकदा संपतोय याची वाट बघत," ती म्हणाली. "एमेट भला माणूस होता, आणि माझ्या मुलीवर माझा जीव आहे. पण आयुष्यात मला दुसऱ्या कशाचीही इतकी घाई झाली नाही."