पुरानं अडवलेला पाहुणा

आमच्या गावचा जुना पूल म्हंजे नुसती फरशी. नदीत पायप टाकलेले, वरून सिमेंट, कठडा-बिठडा काही नाही. वर डोंगरात पाऊस झाला की फरशी पाण्याखाली, अन् पल्याड धाड गावाकडे जाणारे सारे लोक माह्या बापाच्या ओसरीवर. माय पिठाचा डबा काढे अन् भाकरी थापत बसे. एकदा कासार अडकला, तं साऱ्या आळीच्या हातात हिरव्या बांगड्या. एकदा वरातीचे वाजंत्रीवाले अडकले, त्यायनं आमच्याच दारात वाजवलं. काय मजा होती, बाई! मले त्या दिवसांची लय आठवण येते.

आमचे अर्जुनराव बी असेच अडकलेले. इस्तरीचा सदरा घालून धाडले पोरगी पाह्यले निघाले होते. पूर काही उतरेना, अन् वाढाले मीच. मले भाऊ नव्हता. पाणी ओसरलं तसे बाकीचे गेले, हे काही गेले नाहीत. घरजावई झाले. धाडची ती पोरगी सुटली बिचारी.

पण गेल्या साली त्याच फरशीनं माहा जीव टांगणीले लावला. यायच्या किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा बुलढाण्याले डायलिसिस. भर पुरात डायलिसिसची पाळी हुकली. अंग सुजलं, दम लागला. मी काठावर उभी राहून नदीले नाही नाही ते बोलली. पाणी उतरलं म्हणून बुढा वाचला. मंग ग्रामसभेत उंच पुलासाठी सगळ्यात मोठा गळा माहाच.

यंदा पूल झाला. अख्खं झाड वाहत आलं तरी खालून निघून जाईल इतका उंच. मंग फरशी तोडाले मशीन आलं. मशीनसंगं आलेल्या साहेबानं समजावलं की पायपात काडीकचरा अडकते, पाणी मागं फुगते अन् खालच्या आळीत घुसते, म्हणून ठेवता येत नाही. पटत होतं. तरी मी पदर तोंडाले लावून रडली. बुढा हासे. म्हणे, पूल मागाले तूच अन् रडाले बी तूच.

पोळ्याच्या आधी नदी आली, अन् नेमकी त्याच दिवशी बुढ्याची डायलिसिसची पाळी. आमच्याच घरी राहणाऱ्या यायच्या पुतण्यानं, शिवमनं, जीप काढली. जीप पुलावर चढली. खाली लालभडक गढूळ पाणी, अन् वर मोटरसायकली आरामात जाऊन राह्यल्या होत्या. काठावर कोणीच थांबलेलं नव्हतं. मी शिवमले म्हटलं, जरा थांबव, पाहू दे.

अर्जुनरावनं माहा हात धरला. सुया टोचून टोचून त्यायच्या हाताले गाठी आलेल्या.

"जयमाला, आज नोको थांबू," ते म्हणाले. "मले तुह्यासंगं अजून जगायचं हाय."

साऱ्या संसारात माणूस असं कधी बोलला नव्हता. माहे डोळे भरून आले.

"चाल बे शिवम," मी म्हटलं, "हाण जोरात."