व्हिव्हियन सरांचे पाच सामने

रचना म्हात्रे विरारच्या एका कॉलेजात क्रीडा संचालक होती, तीही कंत्राटावर. संस्थेने फुटबॉल टीमसाठी कोच शोधायला सांगितलं, तेव्हा ती थेट जवळच्या नंदाखाल गावी व्हिव्हियन सरांच्या घरी गेली. ते मुंबईतल्या एका शाळेत फुटबॉल शिकवत होते आणि नोकरी पक्की होती.

“येतो मॅडम,” ते म्हणाले, “पण टीम नव्याने उभी करायची तर तीन वर्षं लागतील.”

“तीन वर्षं तुमची.”

हा शब्द तिने कोणालाही न विचारता दिला. सरांनी शाळा सोडली.

आजवर मुलांचा खेळ एकच होता. मागून लांब बॉल मारायचा आणि कॅप्टन प्रितेशने पळत सुटायचं. सरांनी तो बंद केला. छोटे पास, जागा सोडणं, पुन्हा जागा घेणं. मुलं वैतागली. पहिला सामना चार गोलांनी गेला. मग दोनदा तीन-तीन, नंतर दोन. पाचवा फक्त एका गोलाने. त्या दिवशी रचना लाइनजवळ उभी होती. प्रितेशसमोर गोल दिसत असताना त्याने स्वतः न मारता मोकळ्या पोराकडे बॉल दिला. त्या पोराने तो बाहेर घालवला, पण प्रितेश चिडला नाही. असं तिने पूर्वी पाहिलं नव्हतं.

सोमवारी संस्थेचे सचिव हरिश्चंद्र राऊत यांनी तिला बोलावलं.

“पाच सामने, एकही विजय नाही.”

“सर, हरण्यातलं अंतर कमी होत चाललंय. थोडा वेळ दिला तर...”

“कमी हरतोय, असा बॅनर लावू का गेटवर?” ते शांतपणे म्हणाले. “कोचचं काम समाधानकारक नाही, असा तुमचा अहवाल द्या. तुमचं कंत्राटही याच महिन्यात आमच्यापुढे येतंय ना?”

रचनाने तीन ओळींचा अहवाल टाइप केला आणि सही केली.

सरांना काढल्याचं पत्र मिळण्याआधी आपणच सांगावं म्हणून ती संध्याकाळी नंदाखालला गेली. सर केळीच्या वाडीत पाणी सोडत होते. त्यांच्या बायकोने, लूर्डसने, ओट्यावर चहा आणला. रचनाने कप उचलला नाही.

“तुम्हाला काढतायत, सर. अहवाल माझा आहे.”

लूर्डस आत निघून गेली. सरांनी पाणी बंद केलं.

“तुम्हाला काय वाटतं, मॅडम? तीन वर्षांत झालं असतं?”

हो म्हणणं सोपं होतं.

“माहीत नाही, सर.”

“मलाही नाही,” ते म्हणाले. “तेच तर बघायचं होतं.”

ती माफी मागायला लागली, तसं त्यांनी हात वर केला. “घरी जा. अंधार होईल.”

दुसऱ्या दिवशी सरावाला कोच नव्हता. प्रितेशने विचारलं, “मॅडम, आता कसं खेळायचं? जुनं की सरांचं?”

“नवे सर सांगतील.”

“ते किती दिवस असणार?”

बाकीची मुलंही तिच्याकडे बघत होती.

सहाव्या सामन्यात अर्धी टीम लांब लाथा मारत होती आणि अर्धी पास द्यायला माणूस शोधत होती. सहा गोल खाल्ले. सामना संपल्यावर प्रितेश बूट काढून मैदानातच बसून राहिला. रचना त्याच्याजवळ जायला निघाली, पण त्याने मान फिरवली.

त्याच आठवड्यात तिचं कंत्राट वर्षभरासाठी वाढलं.