स्क्रूच्या खाचेतला ओरखडा

स्क्रूच्या खाचेत एक ओरखडा होता. नवा, पांढरा, नखाच्या टोकाएवढा. भैरूआप्पा चष्मा कपाळावर सारून, पुन्हा डोळ्यांवर ओढून, मान तिरकी करून त्याच्याकडे बघत राहिले, कारण या स्क्रूला ओरखडा असणं शक्यच नव्हतं. शिलाई मशिनीच्या सुईचा दांडा धरून ठेवणारा हा स्क्रू. शेडातल्या नऊही मशिनींना आप्पांचा एकच पेचकस लागे, खाचेच्या मापाला घासून घासून पातळ केलेला, आणि तो कधी कुठं खूण ठेवत नसे. हा ओरखडा घाईच्या हाताचा होता, आणि तो हात आपला नव्हता.

म्हणजे काल आपण दौंडला गेलो होतो तेव्हा कुणीतरी आत आलं होतं.

त्यांनी आपल्या जुन्या, गोळा करून दुरुस्त केलेल्या मशिनी मोजल्या. सहा पायडलच्या, दोन हाताच्या, एक मोटारवाली — जी वीज असेल तेव्हा चालायची, म्हणजे भांडगावात बहुतेक वेळा चालतच नसे. नऊच्या नऊ होत्या. त्यांतलीच ही, ओरखड्याची, सगळ्यांत जुनी. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधली एक म्हातारी गाव सोडून मुलाकडे निघाली तेव्हा तिनं आप्पांना समोर बसवून उशीचा अभ्रा शिवून घेतला होता, हात बघितला होता, आणि मगच मशीन नेऊ दिली होती. काळी, सोनेरी वेलबुट्टीची. जिथं शिवणारीचा हात टेकतो तिथली वेल पुसून गेलेली. गंज काढला, पट्टा नवा घातला, पायडल तर लोण्यासारखं केलं — पण दर सात-आठ टाक्यांनी ती एक टाका सोडायची. सहा महिने झाले. सुया बदलल्या, खालच्या दोऱ्याचं शटल बदललं, रागानं शिव्यासुद्धा बदलून पाहिल्या.

आप्पांनी कापडाची चिंधी दाबाखाली सरकवली आणि पाय टेकला. मशीन चालली... आणि ते ऐकत राहिले. त्यांचा बाप मेंढरं राखायचा. दोनशे मेंढरांत कुठलं खोकतंय ते पाठ फिरवून सांगायचा. तो कान आप्पांकडे मशिनींसाठी आला होता. टक् टक् टक् — सात, आठ, नऊ — आता अडखळेल, आता — वीस, तीस. चिंधी संपली. एकही टाका सुटला नव्हता.

चोरी झाली असती तर बरं झालं असतं. निदान काय झालं ते कळलं असतं. पण कुलपाऐवजी कडीत अडकवलेला खिळा काढून आत यायचं आणि आपल्याला सहा महिने जमलं नाही ते नीट करून जायचं, ही कुठली रीत? चोर काही घर झाडून जात नाही. यात काहीतरी डाव आहे... पुण्याचा तो माणूस! गेल्या आठवड्यात आलेला, मशिनींकडे ढुंकून न बघता खालच्या लोखंडी स्टँडांवरून हात फिरवणारा. वर काच टाकून हॉटेलात टेबलं करतात म्हणे. जाताना तो आपल्या पोराशी, हनुमंताशी, फाटकापाशी किती वेळ बोलत होता! आणि मी घरचाच म्हणून पोराकडे कधी बघितलं नाही.

अंगणात कुशाबाई तांदूळ निवडत बसली होती.

"काल कोण आलं व्हतं?"

"कोण येतंय? दूधवाला आला आन् गेला."

"शेडात कोण गेलं व्हतं?"

"तुमच्या शेडात मांजरसुदीक जाया भितंय," कुशाबाई सूप पाखडत म्हणाली. "न्हाई तर त्येची बी मिशी मोजून ठिवाल."

ती वर बघून बोलली नाही, हे आप्पांनी टिपलं. बायको चाळीस वर्षांची जुनी. तिचं खोटं त्यांना मानेवरून ओळखू यायचं. पोराला झाकतेय. हनुमंत पाटसच्या कारखान्यावरून रात्रपाळी करून आला होता, पडवीत आडवा झाला होता. आप्पांनी त्याला हलवून उठवलं.

"त्या मशिनीला हात लावलास?"

"आप्पा, मला सुईत दोरा ववता येत न्हाई. मी कशाला मराया हात लावू?"

"त्यो पुण्याचा माणूस काय म्हणत व्हता मग?"

"म्हणत व्हता, तुमचं वडील लई तिरसट हायेत." हनुमंतानं कूस बदलली. "म्या म्हणलं, व्हय."

दुपारी जेवताना आप्पा भाकरीकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघत होते. कुशाबाईनं काकडी कापायला सुरी घेतली आणि ती काकडीत नीट जाईना, वळू लागली. तिचं टोक पिळल्यासारखं वाकलेलं होतं.

"सुरीला काय झालं?"

"कुणाला ठावं. डबा उघडताना वाकली आसंल," कुशाबाई म्हणाली, आणि त्याच वेळी स्वयंपाकघराच्या दाराआड पीठ मळणाऱ्या बांगड्या थांबल्या. क्षणभरच. मग पुन्हा वाजू लागल्या, जरा जास्तच जोरात.

धनश्री. हनुमंताची बायको. न्हावऱ्याला मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, शिवणकाम येतं का, आणि ती खाली बघून म्हणाली होती, थोडं थोडं. थोडं थोडं! लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ती शेडाच्या उंबऱ्याशी उभी राहून एका बोटानं चाक फिरवून बघत होती, आणि आप्पांनी तिला नव्हे, कुशाबाईला सांगितलं होतं, पण तिच्या कानावर जाईल एवढ्या आवाजात — सांग तिला, मशिनीला दहा हात लागले की मशीन बिघडती. सुनेशी थेट बोलायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. सासऱ्यापुढं सून स्टुलावर बसत नाही, आणि स्टुलावर बसल्याशिवाय पायडलला पाय पोचत नाही. म्हणजे आपण घरी असताना तिला शिवता येणंच शक्य नव्हतं. आणि आपण घरी नसताना?... त्यासाठीच तर त्यांनी त्या दिवसापासून प्रत्येक चाकावर आणि त्याच्या शेजारी खडूची एकेक रेघ ओढली होती. चाक कुणी हलवलं की रेघा जुळणार नाहीत. तीन वर्षं त्या रोज जुळत होत्या. आज सकाळीही जुळत होत्या.

म्हणजे तिला रेघा माहीत होत्या. पहिल्या दिवसापासून. ती यायची, शिवायची, आणि उठताना चाक रेघेवर आणून ठेवायची, आणि मी खुळा दाराला कुलूप लावल्यासारखा रेघा बघून समाधानानं चहा प्यायचो.

राग आला. चांगला सणसणून आला. आप्पा हात धुऊन शेडात गेले ते आज सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून. पण मशिनीपुढं बसल्यावर राग टिकेना, दुसरंच काहीतरी वर आलं. दिवाळीपासून त्यांना एका सुईच्या दोन दिसत होत्या. सुई खाली गेल्यावर शटलचं टोक तिच्या मागून कुठं जातं ते त्यांना दिसतच नव्हतं, ते आठवणीवर काम करत होते, आणि हे त्यांनी कुशाबाईलासुद्धा सांगितलं नव्हतं. सुईचा दांडा केसभर खाली घ्यायचा होता, बस. तिनं तो घेतला — भाजीच्या सुरीनं. गावाला कळलं तर लोक हसतील. हसू देत. पण उद्या डोळे पुरते गेले तर या नऊजणी त्या पुण्याच्या माणसाच्या टेंपोत चढणार, हे आप्पांना इतकं लख्ख कधी दिसलं नव्हतं. आणि त्यांना थांबवू शकेल असं अख्ख्या घरात एकच माणूस होतं, ज्याच्याशी ते तीन वर्षांत एक शब्द बोलले नव्हते.

आता बोलायचं तरी कसं? सुरवात कुठून करायची? कुशाबाईमार्फत निरोप धाडला तर ती त्याचा तमाशा करील.

त्यांनी फडकं ओलं केलं आणि नऊही चाकांवरच्या खडूच्या रेघा पुसून टाकल्या. धोतर बदललं, टोपी घातली. शेडाच्या कडीत खिळा अडकवला नाही, दार उघडंच ठेवलं. अंगणात उभं राहून ते गरज नसताना मोठ्यानं म्हणाले, "शिरूरला जातो. सांच्यापतोर यायचा न्हाई."

"शिरूरला काय पुरलंय?" कुशाबाईनं विचारलं. तोवर ते फाटकाबाहेर पडले होते.

चौफुल्याला शिरूरची एसटी मिळाली. खिडकीशी बसल्यावर आप्पांना बरं वाटलं, मोकळं वाटलं. आता ती जाईल, उघडं दार बघेल, पुसलेल्या रेघा बघेल आणि समजेल. मग गाडी उसाच्या एका ट्रॉलीमागं रेंगाळली आणि त्यांच्या मनात आलं — काय समजेल? म्हाताऱ्यानं रेघा पुसल्या, म्हणजे रेघांपेक्षा बारीक काहीतरी लावलंय. उगाच ओरडून सांगून गेला, म्हणजे फाटकाजवळच्या वडाआड उभा आहे. दार उघडं ठेवलं, म्हणजे तर नक्कीच. ती उंबऱ्यावर वाकून दोरा शोधेल, पट्ट्यावर केस शोधेल, पायडलखाली राख शोधेल. मी तेच केलं असतं. काही सापडलं नाही की ती आणखी घाबरेल आणि हळूच मागं फिरेल... कदाचित कायमची.

उतरावं. परत जावं. ते अर्धवट उठलेसुद्धा. पण लवकर परत गेलो, दारात दिसलो, तर तिला हवा तो पुरावाच मिळाला — बघा, टपूनच होता! म्हणजे उतरताही येत नाही. ते पुन्हा बसले. जन्मभर त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला होता, तो त्यांना हुशारीचा वाटला होता. आता कुणीतरी आपल्यावर तो घेऊ नये म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला.

न्हावऱ्याला, सुनेच्या माहेरगावी, गाडी थांबली. माणसं उतरली, चढली. शेजारच्या बाईनं पिशवी मांडीवर घेत विचारलं, "आबा, उतरायचं का तुमास्नी?" आप्पांनी नकारार्थी मान हलवली आणि खिडकीच्या गजाला तोंड लावून, जिच्याशी कधी बोलले नव्हते तिला, अगदी हलक्या आवाजात सांगितलं, "पोरी, खरंच चाललुया गं मी शिरूरला."