पोगोस्त, म्हणजे पाहुण्यांचं गाव

रशियाच्या उत्तरेला, पिनेगा नदीच्या काठी आमचं गाव, नाव वरचा पोगोस्त. खालचाही होता, तो ओस पडला. शहरात हे नाव सांगायची सोय नाही. तिकडे पोगोस्त म्हणजे दफनभूमी, एवढंच लोकांना ठाऊक. आमचे शाळामास्तर होते तेव्हा सांगायचे, ‘गोस्त’ म्हणजे पाहुणा. राजाचे वसुलीवाले, कातड्यांचे व्यापारी येऊन उतरायचे ती जागा पोगोस्त. पुढे तिथं चर्च झालं, चर्चभोवती माणसं पुरली गेली आणि शब्द हळूहळू मेलेल्यांच्या मालकीचा झाला. उत्तरेच्या नकाशावर असे पोगोस्त अजून कितीतरी सापडतील.

पाहुणे अजूनही येतात, नाही असं नाही. त्रैक्याच्या सणाआधीच्या शनिवारी, मेलेल्यांची आठवण काढायच्या दिवशी, गाड्या भरभरून येतात. थडग्यांच्या कुंपणांना निळा रंग काय, थडग्यांवर अंडी, गोळ्या, पेलाभर वोडका काय! शेजारी जिवंत म्हातारीचं छप्पर गळत असतं, तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. आमची आठवण यायची तर आधी मरावं लागतं.

शेजारच्या तायसियाचा मुलगा अर्काशाही यंदा आला. तिचा गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला, खाटेवरून उठवत नव्हतं. हिवाळ्याआधी पोरानं आपल्याला घेऊन जावं, एवढीच तिची आस. सकाळी मी मासा भरलेला रोट द्यायला गेले, तेव्हा तेच बोलणं चाललं होतं.

“अर्काशा, मला एक कोपरा दिलास तरी पुरे रे.”

“आई, आमच्याच दोन खोल्या. बघू ना पुढे. आणि या गावाचं नाव तरी काय! आई कुठे असते, पोगोस्तात, म्हटलं की लोक विचारतात, कधी वारल्या?” तो स्वतःच हसला.

“मग सांगावं, पाहुण्यांच्या गावात असते.”

“कसले पाहुणे? रिम्मामावशी, तुम्हीच समजवा हिला.”

“तूच की रे पाहुणा,” मी म्हटलं. “वर्षातून एकदा येतोस, जेवतोस, जातोस.”

मी तडक थडग्यांकडे गेले, नाहीतर आणखी बोलले असते.

आमच्याकडे दाराला कुलूप नसतं. घराबाहेर पडताना दाराला काठी टेकवायची. काठी दिसली की आत कोणी नाही, उंबरा ओलांडायचा नाही. चोरसुद्धा हे पाळतो म्हणतात. लेकरं चालायला लागली की आधी हे शिकतात.

दुपारी परत येताना बघते तर तायसियाच्या दाराला काठी. अर्काशाची गाडीही नाही. बरोबरच्या बायका थबकल्या.

“नेलं हो पोरानं!” मी पायरीशीच ओरडले. “शेवटी लाज वाटली मेल्याला!”

“सुटली बिचारी,” लिदिया म्हणाली. “काही झालं तरी पोटचा गोळा.”

आम्ही तिथंच उभ्या राहून त्याचं कौतुक केलं. कधी नव्हे ते मलाही त्याच्याबद्दल चांगलं बोलावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या कोंबड्यांना दाणे टाकायला मागच्या गोठ्यातून गेले. गोठा घराला लागूनच. आतून कण्हण्याचा आवाज आला. तायसिया शेगडीपाशी पडलेली, ओठ कोरडे पडलेले. जाणारी गाडी खिडकीतून बघावी म्हणून उठली आणि कोसळली. अर्काशानं निघताना सवयीनं काठी टेकवली होती. आई आत आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. तिनंच शिकवलेलं हाताला आठवलं, आई तेवढी विसरली गेली. आग लागो असल्या आठवणीला.

मी तिचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं.

“अगं, आम्ही दारात होतो काल. एवढ्या मोठ्यानं बोलत होतो. ऐकू नाही आलं?”

“आलं की.”

“मग हाक का नाही मारलीस, बाई?”

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

“मारणारच होते. तेवढ्यात तू म्हणालीस, नेलं हो पोरानं. चारचौघींत कसं सांगायचं गं, की नाही नेलं?”