बुडून वर येणारा नारळ

रेल्वेच्या नोकरीवर वर्ध्याहून रायपुरास आले ते अनंतराव खानझोडे. त्यांचे चिरंजीव उदयराव, उदयरावांचे निरंजन, आणि निरंजनची कन्या ओवी. ओवी अभियांत्रिकी शिकत होती. जगात कोणी तरी सर्वांसाठी फुकट खुला ठेवलेला आराखडा घेऊन तिने घरच्या ओसरीत पाण्याखाली फिरणारा यंत्रमानव बांधला होता: प्लास्टिकचे पाइप, लहान मोटारी, दिवा, कॅमेरा आणि लांबलचक वायर.

त्या सकाळी गुढियारीच्या तलावावर मात्र सारा पारा, म्हणजे सारी वस्ती, काठावर मांडव घालून बसलेल्या एका बाबांकडे पाहत होता. चेल्याने आजाऱ्याच्या नावाने लाल कापडात बांधून दिलेला नारळ बाबा पाण्यात सोडत. नारळ तरंगतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, बाबांचा बुडे. मग घंटा, आरती, आणि आरती संपता संपता नारळ आपोआप वर येई.

“दुख का भार लेके डूबा, माता ने भार गला दिया,” बाबा डोळे मिटून सांगत. “अब दवाई बंद. पर पानी में कोई मनुष्य न उतरे, नहीं तो कोप होगा.”

उदयरावांच्या पत्नी पद्मिनीबाई घाटावर खुर्ची मांडून बसल्या होत्या. असले बाबा त्यांनी इतके पाहिले होते की आता रागही पुरता येत नसे. एकाला घालवावे, तर दुसऱ्याचा मांडव उभा. पण आजचा नारळ त्यांच्या शेजारच्या घरच्या, खालच्या पायरीवर बसलेल्या श्यामरावांच्या नावाचा होता. त्यांचा जीव डायलिसिसवर तगून होता. नारळ वर आला की ते बंद करायचे, असे त्यांच्या पत्नीने, रमेने, ठरवले होते. आणि लहानग्या निरंजनला बुडताना याच तलावातून बाहेर काढणारे हेच श्यामराव होते.

“रमा, उद्या दवाखान्यात नेशील ना त्यायले?”

“नाई काकू. किती सुया टोचून घेईन हा माणूस? तुमी काहून आडव्या येऊन राहिल्या?”

पद्मिनीबाईंनी नातीकडे पाहिले. “मशीन आण.”

“आजी, कैमरे के डिब्बे में पानी घुस सकता है. पिछली बार घुसा था.”

“घुसू दे.”

चेला आडवा आला. “दादी, बाबाजी ने मना किया है.”

“मनुष्य न उतरे, ऐसा बोले न? ये पाइप तेरे को मनुष्य दिखता है? हट.”

गर्दी हसली. बाबांचा नियम सर्वांनी बाबांच्याच तोंडून ऐकला होता. चेला बाजूला झाला.

नारळ सोडला, बुडाला, आणि त्याच्या मागोमाग यंत्रही गेले. पायरीवरच्या लॅपटॉपवर हिरवट गढूळ पाणी दिसू लागले. गाळ उठू नये म्हणून ओवी यंत्र हळूहळू पुढे नेत होती. अखेर दिव्याच्या उजेडात लाल कापड दिसले. नारळाखाली फुगीर गाठोडे होते आणि त्यातून पाकासारख्या तारा झिरपत खाली उतरत होत्या. आरती चालू असतानाच सर्वांच्या डोळ्यांदेखत गाठोडे सैल पडले, नारळ डुलला आणि वर निघाला.

“माता का अमृत,” बाबा पुटपुटले.

“मग चाखू द्या श्यामरावले,” पद्मिनीबाई म्हणाल्या.

श्यामरावांनी काठाशी आलेल्या नारळाची गाठ सोडली, कापडाच्या कोपऱ्यात उरलेला खडा जिभेला लावला आणि रमेकडे पाहिले.

“खडेमीठ. डॉक्टरनं माह्यं मीठ बंद केलं, अन् यायनं माह्याच नारळाले बांधलं.”

“नमक के वज़न से डूबा,” ओवी म्हणाली. “घुल गया, तो ऊपर. बाल्टी में करके देख लो.”

बाबांनी पुढचा नारळ मागितला. पुढचा माणूस आपल्या नारळाची गाठ सोडत बसला होता.

पद्मिनीबाईंना जिंकल्यासारखे मुळीच वाटले नाही. नवा बाबा येईल, मिठाऐवजी आणखी काही आणील, हे त्या जाणून होत्या. उठता उठता त्या एवढेच म्हणाल्या, “देवीले हात जोडा, कोणाची ना नाही. पण जिथे पाहू नका म्हणतात, तिथे आधी पाहून घ्या. अन् डॉक्टरले विचारल्याशिवाय औषध सोडू नका.”

दुसऱ्या दिवशी निरंजनने श्यामरावांना दवाखान्यात नेले. रमा सोबत होती. नळ्या जोडून झाल्या तशी त्याने आईला फोन केला.

“सुरू झालं, आई.”

पद्मिनीबाईंनी फोन ठेवला. एका जिवाचे ऋण एका जिवाने पुरते फिटले होते.