सरळ मार्गाने आणलेली बेअरिंगं

ब्लँकेटच्या सरकारी गिरणीत पुरवठा खातं सांभाळणाऱ्या गृहस्थांना लहानथोर सगळे मामा म्हणत. कोणत्या कारखान्याने किती माल करायचा आणि तो कुणाला द्यायचा, हे नियोजन मंडळ आधीच ठरवून देई. कागदावर सगळं चोख असे. गिरणीच्या यंत्रांना लागणारी बेअरिंगं मंजूर होत, पण हाती काही लागत नसे. मग मामा थोडी ब्लँकेटं सदोष ठरवून बाजूला काढत, ट्रकमध्ये घालून बेअरिंगच्या कारखान्यात नेत आणि बदल्यात बेअरिंगं घेऊन येत. त्यातला एक धागाही त्यांनी कधी घरी आणला नव्हता. तरी कायद्याच्या लेखी ती चोरीच. साबणाच्या कारखान्यातला त्यांच्याच कामाचा माणूस अशा अदलाबदलीपायी तुरुंगात गेला, तेव्हापासून रस्त्यात कुणी ट्रक अडवला की मामांना वाटे, आता आपली पाळी.

आणि आता सगळ्या गिरण्यांमधून ब्लँकेटं कुठे गळतात हे शोधायला मंडळाने एक तपासनीस नेमली. ती मामांची मुलगी.

जेवताना तिनेच हे आनंदाने सांगितलं. मामांनी उचललेला घास परत ताटात ठेवला. बायकोला सगळं ठाऊक होतं. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पोरीचा या व्यवस्थेवर जीव होता, आणि का नसावा? घराण्यात शिकलेली ती पहिली, तेही फुकट. आईचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा रुग्णालयाने दमडी मागितली नव्हती. कारखाने सगळ्यांचे झाले की कुणी कुणाला नाडणार नाही, असं ती म्हणे, तेव्हा ते पाठ केलेलं नसे.

मामांची झोप उडाली. बाहेरून कळण्यापेक्षा आपणच सांगावं म्हणून एका सकाळी ते तिच्यासोबत बसथांब्याकडे निघाले आणि वाटेत सगळं बोलून गेले. ती चालता चालता थबकली.

"बाबा, तुम्ही मागच्या दाराने नेता, म्हणून पुढच्या दाराने कुणाला मिळत नाही," ती म्हणाली. "एकदा थांबून तर बघा."

मामांनी अदलाबदल थांबवली. पिंजणाची यंत्रं आधी कुरकुरली, मग एकेक करून बंद पडली. पगार चालू होते. बाया बंद यंत्रांशेजारी विणकाम घेऊन बसत आणि मामा तिथून गेले की बोलणं थांबवून त्यांच्याकडे बघत. थंडी वाढली. रुग्णालयाची परिचारिका ब्लँकेटांसाठी खेपा घालून रिकाम्या हाताने परत गेली. मॅनेजर मामांना खोलीत बोलावून घेई आणि नुसता खिडकीबाहेर बघत बसे. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

शेवटी मुलगी म्हणाली, बेअरिंगच्या कारखान्यात मीच जाते, मंडळाची मंजुरी घेऊन. तो दिवस मामांनी जीव मुठीत धरून काढला. तिथे कुणी आपलं नाव घेतलं तर? संध्याकाळी ती आली आणि जड पिशवी टेबलावर ठेवून खुर्चीत बसली. आईने ताट वाढलं, तिने ते बाजूला सारलं. मग हळूहळू सांगू लागली.

तिथल्या भांडारप्रमुखाने तिला मानाने बसवलं, मंजुरी वाचली आणि रिकामी फडताळं दाखवली. पोलाद पुरेसं आलंच नव्हतं. जी थोडी बेअरिंगं झाली, ती कोळसा पाठवणाऱ्यांना गेली होती, कारण कारखान्याचा ठरलेला कोळसाही कुठेतरी अडकला होता. माणूस खोटं बोलत नव्हता. ती निघताना त्याने सहज विचारलं, तुमच्या गिरणीचे मामा दिसले नाहीत बरेच दिवस, आजारी आहेत का? ते माझे वडील, ती म्हणाली. तो आत गेला आणि मामांसाठी बाजूला ठेवलेलं खोकं घेऊन आला.

"मी काहीच दिलं नाही, बाबा. तुमच्या नावावर दिली त्यांनी." तिने पिशवी त्यांच्याकडे सरकवली. "आणि मी घेतली."

मामांना हायसं वाटायला हवं होतं, पण त्यांना धडकीच भरली. आजवर त्यांची एकट्याची मान अडकली होती, आता पोरीचीही. बेअरिंगं मंजुरीप्रमाणे मिळाली एवढंच लिही, असं त्यांनी परोपरीने विनवलं.

"सगळे असंच लिहितात म्हणून तर मंडळाला वाटतं की माल पोचतो," ती म्हणाली. "पुढची योजना त्याच आकड्यांवर उभी राहते. कुणीतरी खरं कळवायला नको?"

"त्यासाठी आपलंच घर सापडलं का?" आई म्हणाली.

तिने खरं ते कळवलं. वडिलांचं नाव झाकलं नाही आणि स्वतःचंही नाही. मग वाट पाहणं सुरू झालं. जिन्यात पावलं वाजली की तिघंही बोलायचं थांबवत. मामांनी गरम कपड्यांची एक पिशवी भरून दाराआड ठेवली. ती कशासाठी, हे कुणी विचारलं नाही.

पण कुणाला पकडायला कुणीच आलं नाही. मामांवर खटला भरायचा, तर सगळ्याच गिरण्यांचे आकडे खोटे आहेत हे मंडळाला मान्य करावं लागलं असतं. मुलीची दूरच्या गावी, जुन्या नोंदी सांभाळायच्या खात्यात बदली झाली. मॅनेजरने मामांना बोलावलं आणि या वेळी त्यांच्याकडे बघून सांगितलं, पूर्वीसारखं चालू द्या, फक्त बोभाटा नको.

ती निघाली त्या दिवशी मामा सामान उचलायला सोबत गेले. तिथूनही कळवत राहीन, ती म्हणाली. नीट जेवत जा, एवढंच मामांनी सांगितलं. बस वळणाआड गेली. मामा तसेच गिरणीत गेले आणि ब्लँकेटांच्या थप्पीतून सदोष ठरवायची कोणती, ते निवडू लागले.